एमजीए १५००, दांडिया बाजार: इंजिनकामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

पाच महिन्यांनी गाडी, म्हणजे आमची एमजीए ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, सुरू केली. ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं तेव्हा आमच्या गल्लीत ते चाकाच्या मध्यापर्यंत आलं होतं. इंजिनात गेलं नाही, पण एमजीएच्या तळाला प्लायवूडच्या फळ्या असतात, त्या फुगून वर आल्या आणि मागचे ब्रेक जाम झाले. ती कामं दिवाळीआधी उरकली. इंजिनाला कोणी हात लावला नव्हता.

आज गरम होईपर्यंत दहा-बारा मिनिटं चालवली. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ऑईलच्या दाबाचा काटा चौरस इंचाला ५ पौंडांवर, मिनिटाला ३,००० फेऱ्यांना जेमतेम २५. एकझॉस्टमधून निळा धूर. शिवाय खालून एक जाड, बोथट ठोका ऐकू येतो. वरून टॅपेटची (कॅमवर चालून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या वाट्यांची) टकटक आहेच, पण ती वेगळी, पातळ. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "हा आवाज पुराच्या आधीपासून आहे. मी कोणाला बोललो नाही इतकंच."

गाडी १९५८ ची. बाबांनी १९७९ मध्ये एका चहाच्या व्यापाऱ्याकडून घेतली. इंजिन बीएमसीचं बी-सिरीज, १,४८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९. आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या पेट्रोल इंजिनाची मापं हीच, कारण दोन्ही एकाच घराण्यातली. इथे दोन एसयू कार्ब्युरेटर, वेगळा कॅम आणि जास्त कॉम्प्रेशन, म्हणून हिची ताकद ७० अश्वशक्तीच्या आसपास आणि अ‍ॅम्बेसेडरची पन्नाशीत. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली ही गाडी वडोदऱ्यात जगली ती या नात्यामुळेच. टॅक्सीवाल्यांच्या मिस्त्रींना हिचं इंजिन पाठ होतं.

उत्तरायण झाल्यावर कामाला लागायचं. १४ आणि १५ ला सगळं शहर गच्चीवर असतं, दुकान एकही उघडं मिळणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

प्रतापनगरचे काका आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आयुष्यभर अ‍ॅम्बेसेडरची इंजिनं बांधली. मी लगेच बॉनेट उघडायला धावले, तर म्हणाले, "पहेलां हँडल आप," म्हणजे आधी हँडल दे. एमजीएला पुढून हँडल मारायची सोय आहे. इग्निशन बंद ठेवून त्यांनी एका हाताने इंजिन सावकाश फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं.

हे सविस्तर लिहून ठेवते, कारण याला कुठलंच यंत्र लागत नाही. दोन फेऱ्यांत चार वेळा हँडल अडायला हवं, चारही वेळा सारख्या जोराने. आमचं दोनदा घट्ट अडलं आणि मग लागोपाठ दोनदा सैल गेलं. घट्ट, घट्ट, सैल, सैल. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, म्हणजे ३ आणि ४ एकामागोमाग येतात, आणि २ नंतर १. एक जोडी चांगली आणि एक गेलेली, एवढं प्लग न काढता कळलं. कुठली जोडी ते गेज सांगेल.

कॉम्प्रेशन गेजचे आकडे, इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला:

पहिला सिलिंडर १०५ पौंड, दुसरा १००, तिसरा १३८, चौथा १४०. मग प्रत्येकात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा: १४०, १३२, १५०, १५०.

ऑईल घातल्यावर पहिल्या-दुसऱ्यात ३०-३५ पौंडांची उडी. ऑईल काही क्षण रिंगांच्या फटी भरतं, म्हणून ही गळती रिंगा आणि बोअरमधली. व्हॉल्व्ह गळत असता तर ऑईलने इतका फरक पडला नसता. खात्रीसाठी टायरवाल्याचा छोटा कॉम्प्रेसर आणून प्लगच्या भोकातून हवा सोडली. ऑईल भरायच्या तोंडाशी कान नेला की पहिल्या-दुसऱ्याचा फुसफुसाट स्पष्ट येतो. चौथ्याचा थोडा सायलेन्सरमधून येतो, म्हणजे तिथे एकझॉस्ट व्हॉल्व्हही बसत नाही.

शेवटी ठोक्याचा शोध. इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढली. पहिल्याची काढली आणि जाड ठोका जवळजवळ विरला. स्फोटाचा दाब गेला की सैल बिगएंड, म्हणजे क्रँकवर बसणारं रॉडचं मोठं टोक, आपटायचं थांबतं. काका एवढंच म्हणाले, "नंबर एक. खोलावं लागेल."

२६ जानेवारी, रविवार

ऑईल प्रेशरचा दोष बेअरिंगवर टाकण्याआधी स्वस्त शक्यता तपासल्या. काटाच खोटा असेल म्हणून नळीवर दुसरा गेज लावला: ५ च्या जागी ६. रिलीफ व्हॉल्व्ह काढला, बसायची जागा चकचकीत, स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी धरली तर एक धागाही कमी नाही. फिल्टर नवा घातला, फरक शून्य.

मग ऑईल काढलं. शेवटचा अर्धा लिटर पांढऱ्या स्टीलच्या ताटात ओतून उन्हात धरला. तळाशी बारीक चमचम. खालून चुंबक फिरवलं: थोडा काळा गाळ ओढला गेला, तो लोखंडाचा. बाकीची चमक जागची हलली नाही, आणि तिचा रंग तांब्याचा होता. बेअरिंगच्या शेलचा (आतल्या अर्धगोल पत्र्याचा) वरचा मऊ थर संपून खालचं तांबं-शिसं घासलं जातंय.

आता शंका उरली नाही. इंजिन बाहेर.

१ आणि २ फेब्रुवारी

वसंत पंचमीच्या आदल्या दिवशी सुरुवात केली. बॉनेट, रेडिएटर, दोन्ही कार्ब्युरेटर, प्रॉपेलर शाफ्ट, वायरिंग. बॅटरीची तार काढताना भाच्याला बजावलं: या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीचं धन टोक बॉडीला), आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. उलट्या जोडल्या की डायनॅमोची ध्रुवता पुन्हा ठरवण्याचं काम वाढतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र वर काढले, चौकातल्या सागवानी तुळईला चेन पुली बांधून. तुळईखाली आधी दोन लोखंडी टेकू दिले होते. शंभर वर्षांच्या लाकडावर बाबांचा विश्वास आहे, माझा टेकूंवर.

रॉड वरून काढायचे म्हणजे मोठं टोक बोअरमधून जायला हवं. म्हणून या इंजिनाचे रॉड तिरके कापलेले असतात, आणि लहान टोकात पिन बोल्टने आवळलेली. पहिल्या रॉडच्या शेलवर आठाण्याएवढा तांब्याचा डाग. दुसऱ्याच्यात त्याहून लहान. तिसऱ्या-चौथ्याचे शेल राखाडी, रेघोट्यांचे, पण शाबूत.

पिस्टनच्या डोक्यावर ०२० कोरलेलं दिसलं. म्हणजे हा ब्लॉक कधीतरी वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा केलेला आहे. बाबांना हे माहीत नव्हतं. १९७९ च्या आधीचं काम असणार.

९ फेब्रुवारी, रविवार

सगळा दिवस मोजण्यात गेला, आणि पूर्ण कामातला हाच दिवस मला सर्वांत आवडला.

बाबा कलाभवनात वर्कशॉप शिकवायचे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेली ती संस्था आता विद्यापीठाची तंत्रशाखा आहे, पण आमच्या घरात तिला कलाभवनच म्हणतात. निवृत्तीच्या वेळी घेतलेला त्यांचा मायक्रोमीटर मखमलीच्या खणात असतो. तो त्यांनी स्वतः काढला, प्रमाण-पट्टीवर शून्य तपासलं, आणि मग माझ्या हातात दिला. बोअर गेज मकरपुऱ्याच्या मशीनशॉपवाल्या भाईंनी दोन दिवसांसाठी दिला होता.

वीस थाऊचं मूळ माप ७३.५३ धरायचं. प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी. पहिला: वर ७३.७२, मध्ये ७३.६५, खाली ७३.५७. दुसरा: ७३.७३, ७३.६५, ७३.५७. तिसरा: ७३.६१, ७३.५८, ७३.५५. चौथा: ७३.६०, ७३.५७, ७३.५५.

झीज वर जास्त आणि खाली कमी असणं स्वाभाविक आहे. स्फोटाचा दाब रिंगांना वरच जोरात बाहेर ढकलतो, उष्णता तिथे जास्त आणि ऑईल कमी. पण पहिल्या-दुसऱ्यात वर-खालचा फरक मिलिमीटरचे १५-१६ शतांश आणि तिसऱ्या-चौथ्यात ५-६, हे वयाने होत नाही. चारही सिलिंडरांनी तेवढेच किलोमीटर पाहिलेत, तेच ऑईल प्यायलंय.

बाबांनी आकडे वहीत उतरवले, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "यांना हवा कुठून येते ते बघ."

पहिल्या-दुसऱ्याला हवा पुढच्या कार्ब्युरेटरमधून येते, तिसऱ्या-चौथ्याला मागच्या. हेडमध्ये इनटेकची तोंडं दोन-दोन सिलिंडरांत वाटलेली आहेत. मी पुढच्या एअर फिल्टरचा डबा आणून उघडला. बाहेरून तो मागच्यासारखाच दिसतो, तोच काळा रंग, तेच स्क्रू. आत तारेची जाळीच नव्हती. रिकामा डबा. मागच्यात जाळी होती, काळी, ऑईलने ओली.

बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी आई दिवा लावत होती तेव्हा ते चौकात आले आणि सांगितलं: १९९३ किंवा ९४ असेल, पावागडहून येताना हालोलच्या पुढे गाडी गुदमरायला लागली. पुढची जाळी चोंदली होती. त्यांनी ती काढून डिकीत टाकली, डबा पुन्हा बसवला, गाडी छान चालली. घरी गेल्यावर धुऊन लावू म्हणाले. पुढे घरात आजोबांचं आजारपण निघालं.

तीस वर्षं गाडी वर्षाला पाच-सहाशे किलोमीटर चालली असेल. तेवढी पुरली. धुळीतली वाळू रिंग आणि बोअरच्या मध्ये सापडली की सँडपेपरचं काम करते, मग ऑईलबरोबर खाली उतरते आणि बेअरिंगच्या मऊ थरात रुतून बसते. शेलमध्ये रुतलेला कण शेलला त्रास देत नाही, तो जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) कापतो. पहिल्या बिगएंडचं जर्नल मोजलं: एका दिशेने ४७.३७, काटकोनात ४७.३१. आधीच दहा थाऊ ग्राइंड केलेलं (मूळ ४७.६५), वर सहा शतांश लांबट. ठोका तिथून येत होता.

मी बाबांना म्हटलं, बाबा, तुम्ही हे सांगितलं नसतं तरी आकड्यांनी दाखवलंच असतं. ते म्हणाले, "म्हणून तर सांगितलं."

१५ फेब्रुवारी, शनिवार

मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. ब्लॉक आणि क्रँक टेम्पोतून नेले.

तीस साईज की चाळीस, यावर अर्धा तास गेला. तीस थाऊ म्हणजे ७३.७९. सगळ्यात जास्त झीज ७३.७३ ची, म्हणजे कागदावर तीसमध्ये निघते. मला तीसच हवं होतं, कारण प्रत्येक वेळी ब्लॉकची भिंत पातळ होते आणि पुढच्या पिढीसाठी एक पायरी राखून ठेवता येते. भाईंनी दुसऱ्या सिलिंडरवर दिवा धरला. वरून साधारण तीन सेंटिमीटरवर गंजाच्या खळग्यांची अर्धगोल रांग. पुरानंतर गाडी उभी राहिली तेव्हा दुसऱ्याचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार, आणि पाच महिने दमट हवा आत बसली. पिस्टनची रिंग जिथे थांबली होती तिथेच गंज. नखाला खळगा लागतो. तीसमध्ये तो जाणार नाही, चाळीस घ्या, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. चाळीस म्हणजे ७४.०४. चारही सिलिंडर मिळून इंजिन आता १,५३१ सीसीचं होईल.

बोअर पिस्टन हातात आल्याशिवाय करायचा नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. पिस्टन इंग्लंडहून येतायत. प्रत्येक पिस्टन मोजायचा आणि त्याचा बोअर त्याला साजेसा करायचा, खोक्यातल्या कागदावर दिलेली फट सोडून. अ‍ॅम्बेसेडरचे चाळीस साईज पिस्टन बाजारात मिळाले होते, दोन आणून पाहिले. व्यास तोच, पण डोक्याची उंची आमच्याहून कमी भरली. घातले असते तर कॉम्प्रेशन उतरलं असतं.

बेअरिंगचं मात्र उलट. क्रँकची बिगएंड आणि मेन (ब्लॉकमध्ये बसणारी) जर्नलं दोन्ही वीस थाऊ अंडरसाईज, म्हणजे बारीक, करायचं ठरलं, आणि अ‍ॅम्बेसेडरचे वीस साईजचे शेल रुंदी, जाडी, कुलपाची खाच, सगळ्यात जुळले. ग्राइंड करणाऱ्याला तीन गोष्टी लिहून दिल्या: जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई राखायची, ऑईलच्या भोकांच्या कडा मोडायच्या, आणि शेवटी सगळी ऑईलची बोगदी ब्रशने साफ करून वाऱ्याने फुंकायची. गोलाई नाही राहिली तर क्रँक तिथून चिरतो.

२२ फेब्रुवारी

हेड. एकझॉस्टच्या सीटा आत धसल्यात, चौथीची सगळ्यात जास्त. देशभर २००० पासून शिसंविरहित पेट्रोल मिळतं, आणि शिशाचा थर या साध्या ओतीव सीटांची उशी होता. चारही एकझॉस्टला कडक सीटा बसवल्या. गाईड नवे. रॉकर शाफ्ट खालच्या बाजूने प्रत्येक रॉकरपाशी खोबणीसारखा घासला होता, वरची पातळ टकटक त्याचीच. नवा शाफ्ट, नवे बुश.

टॅपेट बाजूच्या झाकणातून काढले. दोघांच्या तोंडावर खड्डे. कॅमच्या आठही लोबची उचल डायल गेजने सारखी भरली, म्हणून कॅम जुनाच, टॅपेट आठही नवे. नव्या कॅमवर जुने टॅपेट मात्र कधी घालू नयेत.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं मिळतं, जुनं रबर त्यात मऊ पडतं.

१६ मार्च, रविवार

धुळवडीच्या सुट्टीनंतर ब्लॉक घरी आला. होनिंगच्या (बोअर घोटून काढण्याच्या) तिरक्या रेघा सुंदर उठल्यात. बाबांनी चष्मा काढून जवळून पाहिल्या. मशीनशॉपने धुतलेला ब्लॉक आम्ही पुन्हा धुतला, साबणाच्या गरम पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने, पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच निघेपर्यंत. सात वेळा. होनिंगची पूड राहिली तर आपण परत १९९३ मध्ये जाऊ. लगेच ऑईल फासलं, नाहीतर तासाभरात गंज चढतो.

रिंगा प्रत्येक बोअरमध्ये सरळ बसवून फट मोजली. पुस्तकात ०.२० ते ०.३३ मिलिमीटर आहे. तीन ठिकाणी ०.१५ आली, बारीक कानशीने हळूहळू उघडली.

२३ मार्च, रविवार

आज काम थांबलं. मेन बेअरिंग बसवताना प्रत्येक जर्नलवर प्लास्टिगेजची तार (चपटी होऊन फट दाखवणारी मऊ तार) ठेवून आवळलं, ७० फूट-पौंड. पुढच्या आणि मागच्या बेअरिंगला तार सारखी चपटी, फट ०.०४ मिलिमीटर. मधल्याला एका बाजूने चपटी झालीच नाही. शेल उलटून पाहिले: खोक्यावर वीस, पाच शेलच्या पाठीवर वीस, आणि एकाच्या पाठीवर ०१०. दुकानदाराने बदलून देतो म्हटलं, पण सुटा शेल नाही, पूर्ण सेट मुंबईहून येईल.

तार ठेवली नसती तर इंजिन बंद केलं असतं आणि मधल्या बेअरिंगमध्ये साधारण ०.१३ मिलिमीटर जास्त फट घेऊन ते सुरू झालं असतं. वहीत लाल शाईने: खोक्यावर विश्वास नको, प्रत्येक शेलची पाठ वाचायची.

३० मार्च, गुढीपाडवा

मनात होतं की आज इंजिन सुरू करावं. सेट आलेला नाही. सकाळी गुढी उभारली, आईने मोकळ्या ब्लॉकला हळदकुंकू लावलं, काकांना श्रीखंड पाठवलं. दुपारी मी आणि बाबांनी पुढच्या फिल्टरची जाळी केली. मागची उलगडून तिचे थर मोजले, तशीच विणलेली तार आणून गुंडाळली.

६ एप्रिल, रामनवमी

शेल आले, सहाही वाचले. मधल्याची फट ०.०४. क्रँकचा पुढे-मागे खेळ थ्रस्ट वॉशर लावून ०.०६, पुस्तकात ०.०५ ते ०.०७६. बिगएंड ३५ फूट-पौंड, नवी कुलूपपत्री दुमडली. क्रँक हाताने फिरतो, कुठे अडत नाही.

ऑईल पंपात पेट्रोलियम जेली भरून बसवला. कोरडा पंप पहिल्या फेऱ्यांत ऑईल ओढत नाही.

१३ एप्रिल, रविवार

हेड ५० फूट-पौंड, मधून बाहेर. साधं मिनरल २०डब्ल्यू-५०, जस्त जास्त असलेलं. प्लग न लावता स्टार्टर फिरवला: दहा सेकंद काही नाही, पंधरा सेकंद काही नाही, मग काटा हलला आणि ४० वर गेला. तेव्हाच प्लग लावले.

दुसऱ्या प्रयत्नात पेटलं. आयडलवर ठेवलं नाही, लगेच २,००० फेऱ्या आणि वीस मिनिटं तशीच, नवे टॅपेट कॅमवर बसावेत म्हणून. धूर निघाला, तो बांधणीच्या ऑईलचा, दहा मिनिटांत थांबला. जाड ठोका नाही. काका सायलेन्सरपाशी उकिडवे बसून हातरुमाल धरून होते. रुमाल कोरडा निघाला.

२० एप्रिल, रविवार

डभोईपर्यंत जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. टॉप गिअरमध्ये वेग ५० ते ७० मध्ये वरखाली करत राहिले. एकाच वेगाने चालवलं तर रिंगा बोअरवर नीट बसत नाहीत. दाब दिला-सोडला की बसतात. हिरा भागोळच्या दरवाज्यापाशी थांबून बॉनेट उघडलं. बाबा शेजारच्या सीटवरून उतरले नाहीत, नुसते आवाज ऐकत बसले. येताना वाघोडियाच्या फाट्यापासून त्यांनी चालवली.

मागे गिअरबॉक्सच्या सांध्याखाली ऑईलचा एक थेंब. या क्रँकला मागे रबरी सील नसतं, ऑईल परत ओढणारे आटे असतात, उभ्या गाडीत ते थोडं सोडतात. ताट ठेवायचं.

२७ एप्रिल, रविवार

३१० किलोमीटर झाले. ऑईल बदललं. ताटात उन्हात धरलं: बारीक करडी धूळ, चुंबकाला सगळी चिकटली. तांब्याची चमक नाही. हेड पुन्हा आवळलं, टॅपेट गरम इंजिनावर ०.०१७ इंच.

कॉम्प्रेशन: १५२, १५५, १५५, १५३. ऑईल प्रेशर गरम असताना आयडलला २०, ३,००० ला ५५.

हँडल फिरवलं. घट्ट, घट्ट, घट्ट, घट्ट.

दोन्ही फिल्टरच्या जाळ्या बाबांनी स्वतः रॉकेलमध्ये धुतल्या, ऑईलमध्ये बुडवून दोरीवर निथळत टाकल्या, आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात तारीख घातली. पुढची धुलाई ऑगस्टच्या पहिल्या रविवारी.